चौदा पानं नंतर, आधी एक चित्र

अगं, तुझ्या इम्प्रेशनिझमवरच्या वेबसाइटचा साइटमॅप, म्हणजे पानांचा आराखडा, काल रात्री दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. होम, इतिहास, कलाकार, गॅलरी, टाइमलाइन, क्विझ, कॉन्टॅक्ट, अशी मोजून चौदा पानं, आणि खाली तुझा प्रश्न की वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार साधन) घेऊ की कोड स्वतः लिहू. रंगांची यादी, फॉन्टच्या जोड्या, सगळं किती मन लावून केलंयस ते दिसतंय. पण इम्प्रेशनिझममधलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या फ्रेंच चित्र-चळवळीतलं, एखादं चित्र तुला आवडलंय, किंवा अजिबात आवडलं नाहीये, हे चौदा पानांत कुठेच दिसेना. गोंधळ होणारच. कपाट आणून ठेवलंस, आत काय ठेवायचं ते अजून घरातच आलेलं नाही.

आधी एक चित्र. बाकी सगळं नंतर.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज'च घे, सगळे घेतात म्हणून टाळू नकोस. फ्रान्समधलं ल हाव्रचं बंदर, १८७२, आणि आकार फक्त ४८ बाय ६३ सेंटिमीटर. स्क्रीनवर हे कळतच नाही, म्हणून शेजारी त्याच मापात माणसाचा हात काढून दाखव. आता ते चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघ. सूर्य जवळजवळ गायब होतो! सूर्याचा नारिंगी आणि भोवतालच्या आकाशाचा करडा-निळा, दोन्हींची उजळता मोनेने जवळपास सारखी ठेवलीय, सूर्य उठून दिसतो तो निव्वळ रंगामुळे. हेच तू परिच्छेदात लिहिलंस तर लोक वरून नजर फिरवून पुढे जातील, पण पानावर एक बटण दे, दाबलं की रंग जातो आणि सूर्य विरघळतो, सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ग्रेस्केल फिल्टरची एक ओळ पुरते त्याला, मग बघणारा ते बटण पुन्हा पुन्हा दाबेल आणि स्वतःच विचारेल, याने असं का केलं असेल? तो प्रश्न म्हणजे तुझं दुसरं पान.

बाकीची पानं अशीच निघतात, त्याच चित्रातून. असला उजेड पकडायचा तर रंग घेऊन बाहेर जाता यायला हवं, आणि ते सोपं झालं जॉन गॉफ रँडने १८४१ साली पेटंट घेतलेल्या धातूच्या ट्यूबमुळे, त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवायचे. हे चित्र लोकांसमोर आलं कुठे, तर १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसमध्ये, फोटोग्राफर नादारच्या जुन्या स्टुडिओत, सलों या अधिकृत प्रदर्शनाच्या ज्युरीला बाजूला ठेवून चित्रकारांनी स्वतः भरवलेल्या प्रदर्शनात. समीक्षक लुई लरॉयने या चित्राच्या नावावरूनच खिल्ली उडवली आणि चळवळीला नाव मिळालं. झालं की तुझं इतिहासाचं पान! टाइमलाइनचंही तेच. १८७४ ते १८८६ अशी आठ प्रदर्शनं झाली, एवढं टाकून थांबू नकोस. आठही प्रदर्शनांत असलेला एकटा चित्रकार पिसारो आणि एकाही प्रदर्शनात नसलेला चित्रकार माने (मोने नव्हे), हे दोघं समोरासमोर ठेव. मानेला सलोंमध्येच मान्यता हवी होती. यात भांडण आहे, आणि लोक भांडण वाचतात. क्विझ काढून टाक, कुणालाही नकोय ती.

हे मी एवढं ताणून का सांगतेय? कॉलेजात मी क्युबिझमवर साइट केली होती. बावीस पानं, उलगडणारा मेनू, आणि सुरुवातीच्या अॅनिमेशनवर घालवलेले तीन आठवडे. परीक्षकांनी एकच विचारलं, यातलं कुठलं चित्र तू सलग पाच मिनिटं बघितलंयस? मला उत्तर देता आलं नाही. मार्क चांगले मिळाले, पण तो प्रश्न आजही झोंबतो. पुढे मुलांना शिकवायला लागल्यावर मी हेच लावून धरलं, चित्र बघून त्यावर लिहून आणल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावू द्यायचे नाही. एक ग्रुप वैतागून दुसऱ्या गाइडकडे गेला, बाई सुरूच करू देत नाहीत म्हणाले. मी जरा मऊ बोलायला हवं होतं, ते कबूल. पण अट चुकीची नव्हती, आजही तीच घालीन, तुलाही घालतेय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, वर्डप्रेस चालेल, कोडही चालेल, जे येतं ते घे. मोने १९२६ ला गेला, त्याच्या चित्रांवर आता कॉपीराइटची अडचण सहसा येत नाही, तरी फोटो जिथून घेशील तिथल्या अटी वाच. न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन म्युझियम) आणि आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो आपल्या संग्रहातल्या कितीतरी चित्रांच्या मोठ्या फाइल मोफत वापरू देतात. पण ती अवजड फाइल तशीच चढवू नकोस, मोबाइलवर उघडता उघडत नाही. आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे कोडमध्ये चित्रासोबत लिहायच्या वर्णनात, 'मोनेचं चित्र' एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस गं. ज्याला दिसत नाही त्याला सांगायचंय ते, आणि ते लिहितानाच कळतं की आपण नीट बघितलंय की नाही.

तर रविवारी साइटमॅप नको पाठवूस. या चित्राचा ऑल्ट टेक्स्ट पाठव, चार ओळींत, होड्या किती आहेत आणि धुक्यात मागे काय काय उभं आहे ते स्वतः मोजून.