विमानात जास्त लेगरूमच्या सीटला वेगळे पैसे घेतात, हे योग्य आहे का? आणि ते भरावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुमची उंची पावणेसहा फूट आहे, फ्लाइट तीन तासांची आहे, आणि सीट निवडताना कंपनी जास्त लेगरूमचे वेगळे पैसे मागतेय. भरावेत का, याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नका भरू. तीन तास कसेही निघतात. योग्य आहे का, यावर मात्र मी तटस्थ राहू शकत नाही, कारण मी सहा फूट चार इंच आहे. शिवाय याच विषयावर आमच्या घरात गेली पाच वर्षं वाद चालू आहे, आणि समोर मोठ्या बहिणीचा नवरा असल्यामुळे मला धड तोंड उघडता येत नाही. इथे उघडतो.

दाजींची उंची पाच फूट तीन इंच. हे आधी सांगितलं की पुढचं नीट कळेल.

आम्ही सहा जण एकत्र निघालो होतो, साडेपाच तासांचं विमान. तिकिटं दाजींनी काढली, कारण आमच्यात तिकिटं दाजीच काढतात. सीट निवडायच्या पानावर आल्यावर त्यांचा फोन. ‘‘इमर्जन्सी दाराजवळची एक सीट शिल्लक आहे. तिकिटाच्या पाचव्या हिश्श्याएवढे जास्त मागतायत. घेऊ तुझ्यासाठी?’’ मी म्हटलं, ‘‘नको. माझे पाय म्हणजे काय जादा सामान आहे का, वेगळे पैसे भरायला?’’ हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. दाजी म्हणाले, ‘‘बरं.’’ आणि ती सीट त्यांनी स्वतःसाठी घेतली.

ती १५ए. मला चेक-इनला फुकटात जी मिळाली, ती बरोबर तिच्यामागची १६ए.

बसल्या बसल्या गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकले. यात नवीन काही नाही, मी कायमच तसा बसतो: एक पाय तिरका, दुसरा शेजाऱ्याची क्षमा मागत. सीटच्या खिशात ते सुरक्षेचं जाड कार्ड असतं ना, त्याची कड नेमकी वाटीखाली येते, म्हणून मी ते काढून मांडीवर घेतो. वाचूनही होतं. उड्डाणाआधी केबिन क्रूमधली मुलगी दारालगतच्या रांगेपाशी आली. आणीबाणीत हे दार उघडायची तुमची तयारी आहे का, असं तिने एकेकाला विचारलं. दाजींनी मोबाइलवरून नजर न काढता ‘‘यस, यस’’ केलं. ती गेल्यावर दोन सीटांच्या फटीतून मला विचारतात, ‘‘काय म्हणाली रे ती?’’

‘‘गरज पडली तर दार तुम्ही उघडायचं.’’

‘‘कुठलं दार?’’

‘‘ज्याला टेकून बसलायत, ते.’’

विमान वर गेलं, पट्ट्यांचा दिवा विझला, आणि दाजींनी सीट मागे टाकली. आता गंमत बघा. पंखावर दारांच्या दोन रांगा असल्या की पुढच्या रांगेची सीट सहसा मागे जात नाही, कारण तिच्यामागे दुसऱ्या दाराची वाट असते. मागच्या रांगेची मात्र जाते. दाजी त्या मागच्या रांगेत. म्हणजे पुढे पाय ठेवायला हातभर मोकळं, त्यात त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले, आणि वर माझ्या गुडघ्यांवर रेलायची सोय. ट्रे उघडावा तर पोटात रुतत होता. मी सीटवर हलकेच टकटक केलं. ‘‘दाजी, जरा पुढे घेता का सीट?’’

‘‘अरे, पैसे भरलेत मी!’’

झोपेत नव्हते. हसतही नव्हते. पलीकडच्या रांगेतून ताईने हे ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. उतरलो तेव्हा डाव्या गुडघ्याखाली सुपारीएवढा निळा डाग होता, आणि तेव्हापासून घरात चार माणसं जमली की दाजी सांगतात, ‘‘याने चार पैसे वाचवले आणि गुडघेदुखी विकत घेतली.’’ लोक हसतात. मीही हसतो.

घरी आल्यावर मी मापाची टेप घेऊन भिंतीला टेकून बसलो. पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत २६ इंच. आता कंपन्या ज्याला पिच म्हणतात ते मोकळी जागा नसते. पिच म्हणजे एका सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात सीटच्या पाठीची जाडीही आली. स्वस्त विमानांत पिच २८ इंचांपर्यंत खाली आलंय, बऱ्याच ठिकाणी ३० किंवा ३१ असतं. २८ मधून पाठीची जाडी वजा करा आणि माझे २६ त्यात बसवून दाखवा. पूर्वी साध्या वर्गात ३४-३५ इंच मिळायचे. आज ‘एक्स्ट्रा’ म्हणून जे विकतात तेही साधारण तेवढंच. आधी काढून घेतलं आणि मग तेच परत विकायला ठेवलं, हे माझं म्हणणं. (पातळ पाठीच्या नव्या सीटांमुळे इंच-दीड इंच परत मिळतो, हे खरं आहे. पण ती पाठ इतकी पातळ असते की पुढच्याची कूस बदललेली मागच्याला कळते.)

का काढून घेतलं, ते सोपं आहे. सीट मजल्यातल्या रुळांवर बसवलेल्या असतात आणि त्या रुळांना एकेक इंचावर खाचा असतात. ३० रांगांमध्ये प्रत्येकी एक इंच कमी करा, ३० इंच सुटले. झाली एक अख्खी रांग, सहा तिकिटं, प्रत्येक फेरीला. अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला: तिथल्या पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या काळात नुसत्या सीट निवडण्याच्या शुल्कातून १२.४ अब्ज डॉलर गोळा केले. यात सगळं लेगरूमचं नाही, खिडकीचे, पुढच्या रांगेचेही आले. पण आकडा बघा.

आणि दाराजवळच्या सीटचं तर मला जास्तच लागतं. ती मोकळी जागा कुठल्याही कंपनीने प्रवाशांवर मेहेरबानी म्हणून सोडलेली नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टर विमानतळावर एक बोइंग ७३७ धावपट्टीवर असतानाच त्याचं डावं इंजिन फुटलं आणि आग लागली. विमान जमिनीवरून उठलंही नव्हतं, तरी ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. उजव्या पंखावरच्या दाराशी बसलेल्या बाईंनी दार उघडायला म्हणून जे ओढलं, तो दारालाच बसवलेला हात टेकायचा दांडा निघाला. शेजारणीने खरी कडी ओढली, तेव्हा वीस किलोंहून जड दार आत त्यांच्याच अंगावर कोसळलं. त्या धुरात किती मोलाचे सेकंद गेले असतील, कल्पना करा. त्यानंतर ब्रिटनच्या नियामकाने त्या दारांपाशी जास्त वाट मोकळी ठेवायला लावली, आणि पुढे अमेरिकेतही नियम आले. विमान प्रमाणित करताना निम्मी दारं बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडले पाहिजेत, हाही नियम आहे. म्हणजे जी जागा माणसं वाचावीत म्हणून कायद्याने मोकळी ठेवायला लावली, तिची यांनी पाटी लावली: पाय पसरा, इतके पैसे. आणि ती विकली कुणाला, तर ‘‘कुठलं दार?’’ विचारणाऱ्याला.

सरकारं काही करतील म्हणाल, तर फार आशा ठेवू नका. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आकसत चाललेल्या सीटांची दखल घेऊन नियामकाला पुन्हा विचार करायला सांगितलं. २०१८ मध्ये तिथल्या संसदेने किमान माप ठरवा असा कायदाच केला. पुढे वर्षं उलटली तरी इंच काही ठरले नाहीत. तिथला एक नियम मात्र कामाचा आहे: ज्याचा पाय वाकत नाही अशा प्रवाशाला त्या देशाच्या फ्लाइटमध्ये जास्त जागेची सीट द्यावीच लागते. माझा पाय वाकतो. फक्त वाकून जाणार कुठे, हा प्रश्न आहे, आणि त्याला नियम नाही.

एक गोष्ट दाजींच्या बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर ते हे वाचून फोन करतील. २००० साली अमेरिकन एअरलाइन्सने साध्या वर्गातल्या रांगाच काढल्या आणि सगळ्यांना जास्त जागा दिली. फुकट. लोकांनी काय केलं? स्वस्तातलं तिकीट दिसलं तिथे गेले. काही वर्षांतच त्या रांगा परत बसल्या. मीही तिकीट शोधताना पहिली गाळणी ‘कमीत कमी भाडं’ हीच लावतो. तेव्हा ओरडायचा माझा हक्क किती, हे मला माहीत आहे. सगळ्या सीट मोठ्या केल्या तर सगळी तिकिटं महागतील आणि दाजींच्या उंचीच्या माणसाने माझ्या मांड्यांचे पैसे का भरावेत, हा त्यांचा मुद्दा. ठीक आहे. पण मग उलट बाजूने, त्यांनी माझ्या मांड्यांवर रेलू नये.

आता तुमच्यासाठी कामाचं थोडं. कधी लांबची फ्लाइट असेल आणि भरायचेच ठरले, तर आधी नकाशात सीट नीट बघा. ‘प्रेफर्ड’ लिहिलेली सीट बऱ्याचदा फक्त पुढे असते, इंचभरही मोठी नसते. सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची सीट मोठी वाटते, पण पाय भिंतीला अडतात, बॅग वर टाकावी लागते, आणि ट्रे हाताच्या दांड्यात असल्याने दांडा वर होत नाही, बसायच्या जागेची रुंदी कमी होते. शिवाय तान्ह्या बाळांचे पाळणे तिथेच लागतात. दाराजवळची घ्यायची तर दोन रांगांपैकी मागची घ्या, वर कारण सांगितलंच आहे. खिडकीलगत दाराचा फुगवटा खांद्याला लागतो का तेही बघा. फ्लाइटच्या दिवशी काउंटरवर जाऊन सरळ उभं राहायचं आणि विचारायचं. माझी उंची बघून दोनदा फुकट मिळाली आहे. तीनदा नाही मिळाली.

आणि तुमच्यामागे कुणी गुडघे मुडपून बसलेला असेल तर सीट सावकाश मागे घ्या, आधी वळून बघा. २०१४ मध्ये पुढची सीट मागे जाऊ नये म्हणून ट्रेला प्लास्टिकचे चिमटे लावणारा प्रवासी आणि पुढे बसलेली बाई यांचं भांडण इतकं पेटलं की डेन्व्हरला निघालेलं विमान शिकागोला उतरवावं लागलं. मी चिमटे लावत नाही. मनात मात्र आले होते.

दाजींशी शेवटचा वाद गेल्या महिन्यात झाला. मी उंचीचा विषय काढला तर म्हणाले, ‘‘तुझ्याच पायांना कळा येतात का? माझेही गुडघे धरतात. जिना चढवत नाही हल्ली.’’ तेव्हा सुचलं नाही, जेवणावरून उठल्यावर सुचलं: ज्याला जिना चढवत नाही, त्याने त्या रांगेत बसायचंच नसतं. ती सीट ज्याच्याने दार उघडवेल आणि जो दुसऱ्यांना मदत करू शकेल, त्याचीच. हा क्रूचा नियम आहे, माझा नाही. दाजी, वाचत असाल तर याचं उत्तर द्या.

(गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, पायात गुठळीचा त्रास असलेले, यांना उंचीचा हिशेब लावू नये. त्यांनी डॉक्टरांना विचारून हवी ती मोठी सीट घ्यावी, दाराजवळची सोडून.)

पुढच्या महिन्यात परत सगळे निघालोय. सात तासांचं आहे. तिकिटं दाजींनीच काढलीत, पण सीट मी माझी वेगळी घेतली, पैसे भरून. किती भरले ते ताईला सांगितलंय आणि दाजींना सांगू नकोस म्हणून बजावलंय.