गेम इंजिन सगळं करून देतं, तर कम्प्युटर ग्राफिक्सचं गणित शिकायचं कशाला आणि कसं?

तुम्ही लिहिलंय की गेम डेव्हलपमेंटच्या पहिल्या वर्षाला आहे, युनिटी या गेम इंजिनमध्ये दोन छोटे गेम करून झालेत, पण ग्राफिक्सच्या तासाला मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) सुरू झाल्या की सगळं डोक्यावरून जातं, आणि इंजिन आहेच तर हे शिकायचं कशाला. मी पण हेच शिकतेय, पुण्यात, माझं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, आणि गेलं वर्षभर दर शनिवारी दुपारी आमच्या ज्युनिअर्सना ग्राफिक्स शिकवते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते. शिकाच, फक्त नोट्समध्ये ज्या क्रमाने दिलंय त्या क्रमाने शिकू नका.

माझी सुरुवात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला झाली. लॅबमध्ये डॉसबॉक्सवर (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी हा जुना कंपायलर, ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफ फंक्शनमध्ये बीजीआय या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फोल्डरचा पाथ चुकला की स्क्रीनच यायची नाही आणि निम्मं प्रॅक्टिकल त्यातच जायचं. मग ६४० बाय ४८० ची काळी स्क्रीन, सोळा रंग आणि एकेक ठिपका रंगवणारं पुटपिक्सेल. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे ब्रेझनहॅमच्या पद्धतीने रेषा काढा, (२,३) पासून (१०,८) पर्यंत, टेबल करा. मी ते टेबल पाठ केलं होतं. डिसिजन पॅरामीटर (पुढचा ठिपका ठरवणारी संख्या) पॉझिटिव्ह आला की वाय एकने वाढवायचा, निगेटिव्ह आला की तसाच ठेवायचा, मार्क पूर्ण. का वाढवायचा ते नाही कुणी सांगितलं आणि मी विचारलं पण नाही. खूप नंतर वाचलं की जॅक ब्रेझनहॅम यांनी ही पद्धत १९६२ मध्ये आयबीएममध्ये असताना प्लॉटरसाठी (कागदावर पेनाने चित्र काढणारं यंत्र) काढली, अपूर्णांकात न शिरता नुसत्या पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर रेषा काढता यावी म्हणून. हे वाचल्यावर मला ते टेबल पहिल्यांदा दिसलं. खरी रेषा दोन ठिपक्यांच्या मधून जातेय, आपण प्रत्येक पावलाला जवळचा ठिपका घेतोय आणि झालेली चूक पुढच्या पावलाकडे नेतोय, बस एवढंच आहे ते. आईला मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिच करताना बघितलंय मी लहानपणापासून, तिरकी रेघ आली की ती पण टाके मोजत तेच करते.

मग शिकवायला लागले. पहिल्या शनिवारी १४ जण आले होते, मी प्रोजेक्टर लावला आणि मॉडेल मॅट्रिक्स (वस्तू जगात ठेवणारी), व्ह्यू मॅट्रिक्स (कॅमेऱ्याच्या नजरेत आणणारी), प्रोजेक्शन मॅट्रिक्स (स्क्रीनवर उतरवणारी) असं ओळीने सगळं सांगितलं. पुढच्या शनिवारी पाच जण आले. मला फार वाईट वाटलं, कारण मी मनापासून तयारी केली होती, पण त्या पाचातल्या एकीने विचारलं, ताई, कॅमेरा सरकतो तेव्हा नक्की काय सरकतं? आणि मी उत्तर द्यायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आदल्या आठवड्यात सूत्रं सांगितली, कोण कुठे उभं आहे ते सांगितलंच नाही.

कॅमेरा सरकतच नाही. गणितात डोळा कायम शून्यावर असतो आणि सगळं जग उलट्या दिशेने सरकवावं लागतं, व्ह्यू मॅट्रिक्स म्हणजे तेच. एसटीत खिडकीशी बसल्यावर झाडं मागे पळतात ना, तसं. तिला हे एका वाक्यात कळलं आणि मग मी सगळं शिकवणंच बदललं, कुठलाही आकडा आला की आधी विचारायचं, हा आकडा कुणाच्या नजरेतून आहे? वस्तूच्या स्वतःच्या, जगाच्या, कॅमेऱ्याच्या की स्क्रीनच्या? आमच्या गावी पत्ता सांगतात मारुतीच्या देवळाच्या उजव्या हाताला, आणि नवीन माणूस हमखास चुकतो, कारण उजवा हात देवाचा की देवळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा हे सांगितलेलंच नसतं. ग्राफिक्समधल्या माझ्या निम्म्याहून जास्त चुका याच जातीच्या होत्या.

इथेच तुमच्या "कशाला" चं उत्तर येतं. ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) वरची दिशा झेड आहे, युनिटीत वाय आहे, अनरिअल या दुसऱ्या इंजिनमध्ये परत झेड. युनिटीची पद्धत डाव्या हाताची, ब्लेंडरची उजव्या हाताची, म्हणजे दोन अक्ष जुळवले तरी तिसरा उलट्या दिशेला जातो. म्हणून ब्लेंडरमधून आणलेलं कॅरेक्टर युनिटीत आडवं पडतं, मग आपण रोटेशनमध्ये उणे ९० टाकून ते उभं करतो आणि दोन दिवसांनी त्याच्या हातातली तलवार भलतीकडे फिरते. इंजिनने सगळं करून दिलं होतं, पण कुणाच्या नजरेतून ते आपल्याला माहीत नव्हतं. अशा वेळी माहीत नसलेला माणूस आकडे बदलून बदलून बघतो, रात्र जाते.

आता कसं शिकायचं. पहिलं काम, एक वही घ्या आणि एकच बिंदू स्क्रीनपर्यंत हाताने न्या. समजा कॅमेऱ्याच्या नजरेतून बिंदू (२, १, उणे ४) वर आहे, म्हणजे समोर ४ अंतरावर, कॅमेऱ्याचा कोन ९० अंश आणि स्क्रीन ८०० बाय ८००. एक्स आणि वायला अंतराने भागा, ०.५ आणि ०.२५ आले. ही रेंज उणे १ ते १ असते, म्हणून १ मिळवा, निम्मं करा, ८०० ने गुणा, तर डावीकडून ६०० आणि खालून ५०० वा पिक्सेल. आता तोच बिंदू दुप्पट लांब न्या, उणे ८ वर. ५०० आणि ४५० येतात. मध्यबिंदू ४०० ला आहे, म्हणजे आधी मध्यापासून २०० लांब होता तो आता १०० वर आला, अंतर दुप्पट झालं की मध्यापासूनचं लांबपण निम्मं. रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र येताना दिसतात ते याच भागाकारामुळे. प्रोजेक्शन मॅट्रिक्सने गुणल्यावर बिंदूला मिळणारी चौथी संख्या, डब्ल्यू, हा भागाकार करता यावा म्हणूनच असते. माझ्या ज्युनिअर्समधल्या एका मुलाने हे दहा बिंदूंसाठी केलं आणि ग्राफ पेपरवर घनाचं चित्र काढून आणलं, कम्प्युटर न लावता, मला इतका आनंद झाला त्या दिवशी.

दुसरं म्हणजे मॅट्रिक्सचा क्रम. हा फळ्यावर कळत नाही, जमिनीवर कळतो. आम्ही लॅबच्या एका फरशीवर खडूने शून्य काढतो. एकाला पूर्वेकडे तोंड करून तीन फरश्या पूर्वेला पाठवायचं, मग शून्याभोवती ९० अंश डावीकडे फिरवायचं, तर तो शून्यापासून तीन फरश्या उत्तरेला पोचतो. दुसऱ्याला आधी शून्यावरच डावीकडे वळवायचं आणि मग तीन फरश्या पूर्वेला सरकवायचं, तो पूर्वेलाच राहतो, फक्त तोंड उत्तरेला. कामं तीच दोन, जागा वेगळी. एकदा पायाने केलं की मॅट्रिक्सचा गुणाकार उलटा केला तर उत्तर का बदलतं हे परत विचारावं लागत नाही.

आता सगळ्यात जास्त मी जिथे शिकले ते सांगते. कॅमेऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने एक गोल घेतला, एका दिशेने दुप्पट ताणून अंड्यासारखा केला आणि म्हणाली ताई, उजेड चुकीच्या जागी पडतोय. तिने नॉर्मलला (पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा, तिच्यावरून उजेड ठरतो) पण मॉडेल मॅट्रिक्सनेच गुणलं होतं. मी म्हटलं अगं तिथे इन्व्हर्स ट्रान्सपोज (मॅट्रिक्सचा व्यस्त काढून ओळी-स्तंभांची अदलाबदल) घ्यायचं असतं. ती म्हणाली का? आणि मला सांगता येईना. ती ओळ मी वर्षभर माझ्या प्रत्येक शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) लिहीत होते. मी तिला सांगितलं की मला येत नाहीये, पुढच्या शनिवारी सांगते, आणि घरी जाऊन वही उघडली. ४५ अंशाची तिरकी रेघ, तिची दिशा (१,१), तिला काटकोनात नॉर्मल (उणे १, १). एक्स दुप्पट ताणला तर रेघ (२,१) झाली. नॉर्मलला पण तसंच ताणलं तर (उणे २, १), डॉट प्रॉडक्ट (काटकोन असेल तर हा गुणाकार शून्य येतो) उणे ३ आला, म्हणजे काटकोन मोडला. पण नॉर्मलचा एक्स दुप्पट न करता निम्मा केला, (उणे ०.५, १), तर डॉट प्रॉडक्ट शून्य. पृष्ठभाग जिकडे ताणला तिकडे नॉर्मल आखडायला हवा, इन्व्हर्स त्यासाठी. चार ओळींचं गणित, अकरावीच्या मुलाला येईल असं, आणि ते मला कुणाला तरी सांगायचं नसतं तर मी कधीच केलं नसतं. म्हणून कळकळीने सांगते, वर्गातला एक मित्र पकडा आणि आठवड्याला एक गोष्ट त्याला समजावून सांगा, त्याला खोटं समाधान चालत नसेल असा मित्र पकडा.

बाकी थोडं पटापट. कॉलेजच्या नोट्समध्ये जीएलबिगिन आणि जीएलएंड वालं ओपनजीएल (चित्र काढायला वापरायची ग्राफिक्स लायब्ररी) असेल तर परीक्षेपुरतं करा, ते २००९ मध्ये ३.१ आवृत्तीत मुख्य भागातून काढून टाकलंय, आता सगळं शेडरमधून चालतं. लॅपटॉप साधा असेल तर ब्राउझरमध्ये शेडरटॉय या वेबसाइटवर सुरुवात करा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल असतात, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे तुमचा छोटासा शेडर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख वेळा चालतो, हे स्वतः डोळ्याने बघितलं की जीपीयू (ग्राफिक्सची चिप) कशासाठी असतो ते समजतं. आणि काळी स्क्रीन आली तर (येणारच, सगळ्यांना येते) आधी बॅकग्राउंडचा रंग काळा सोडून दुसरा करा, म्हणजे वस्तू नाहीये की वस्तू आहे पण उजेड नाहीये ते लगेच कळेल. मग उजेडाचं गणित बंद करून नॉर्मलच रंग म्हणून दाखवा, एक्स लाल, वाय हिरवा, झेड निळा. कुठे काय बिघडलंय ते रंगच सांगतात. रेंडरडॉक (एक फ्रेम कशी तयार झाली ते टप्प्याटप्प्याने दाखवणारं टूल) फुकट आहे, ते पहिल्या महिन्यातच शिकून घ्या, मी दीड वर्ष उशीर केला.

मागच्या शनिवारी आम्ही सावल्या सुरू केल्या. लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली शॅडो मॅपची कल्पना, अजून गेम्समध्ये तीच वापरतात. मी फळ्यावर दिवा काढला, भिंत काढली, आणि पुढे बोलणार तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, म्हणजे दिव्याच्या जागी कॅमेरा ठेवायचा आणि दिव्याच्या नजरेतून जे दिसत नाही तिथे सावली. मला काही सांगायचंच राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तिने चालवून पण दाखवलं, फक्त उजेडातल्या जमिनीवर काळे पट्टे पट्टे येतायत. दिव्याने मोजलेलं अंतर आणि आपण मोजलेलं अंतर यात बारीकसा फरक पडतो त्याने होतं ते, ते या शनिवारी बघणार आहोत.