हिरड्यांच्या आजारात (पेरिओडॉन्टायटिस) सूज आणि पू असतो, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे पोचलेल्या असतात. मग जंतू मरत का नाहीत?

कारण त्यांतला सर्वात धूर्त जंतू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, या पेशींना अडवत बसत नाही. त्यांची जंतू गिळून मारण्याची ताकद काढून घेतो आणि सूज मात्र चालू ठेवतो. त्याचं हत्यार म्हणजे जिंजिपेन हे एन्झाइम. आपल्या रक्तातलं सी५ हे संरक्षक प्रथिन ते तोडतं आणि सी५ए हा तुकडा सुटतो. एरवी हा तुकडा शरीराचाच धोक्याचा इशारा. पण न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीवरचा, हा इशारा टिपणारा सी५ए-रिसेप्टर आणि जंतू ओळखणारा टीएलआर२ हा दुसरा रिसेप्टर एकाच वेळी चाळवले गेले, की पेशीतलं मायडी८८ हे प्रथिन नष्ट होतं. मारण्याचा आदेश त्याच्याच मार्फत जातो, तो तिथेच थांबतो. सूज वाढवणारा दुसरा मार्ग सुरूच राहतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे उंदरांवर आणि माणसाच्या न्यूट्रोफिलवर दाखवलं. सूज या जंतूला हवीच असते, कारण तुटलेल्या ऊतींतून प्रथिनं आणि रक्तातलं लोह त्याला आयतं मिळतं. शिवाय शेजारचे जंतूही वाचतात, आणि मला हीच बाब सर्वात गंभीर वाटते.

मात्र सगळा दोष त्या एकट्याचा नाही. निरोगी हिरड्यांतही तो सापडतो, आणि जंतुविरहित उंदरांत एकटाच सोडल्यावर या आजारात झिजतं तसं जबड्याचं हाड झिजलं नाही. त्याला इतर जंतूंचा थर लागतो, म्हणूनच उपचाराची सुरुवात स्केलिंगने, म्हणजे दातांवरचा थर खरवडून काढून करतात.