वाचकांचे प्रश्न : लायनर, क्रूझ आणि विलायतेच्या बोटी

प्रश्न : मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझने आम्ही गोव्याला जाणार आहोत. वडिलांचे म्हणणे असे, की पूर्वीच्या विलायतेच्या बोटी म्हणजे लायनर, आणि क्रूझ ही गोष्टच निराळी. प्रवासी दोन्हींत असतात, मग फरक कोणता? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. लायनर म्हणजे दोन बंदरांमधल्या ठरलेल्या मार्गावर, आधी जाहीर केलेल्या तारखांना ये-जा करणारी बोट. दर्या खवळला म्हणून तिला बंदरात थांबून राहता येत नसे, कारण तिच्या पोटात प्रवाशांबरोबर सरकारी टपालाच्या थैल्या असत आणि कंपनीचा संसार बऱ्याच अंशी त्या टपालाच्या कंत्राटावर चाले. सॅम्युअल क्यूनार्ड यांची ‘ब्रिटानिया’ १८४० मध्ये लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बोस्टनकडे निघाली ती अशाच कंत्राटाच्या बळावर, आणि हिंदुस्थानच्या मार्गावर ज्या कंपनीचा दबदबा होता ती पी. अँड ओ. हीदेखील टपालाच्याच पैशावर उभी राहिली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून थेट बोटीने विलायत गाठता येऊ लागली. घाईचे प्रवासी मार्सेलिसला उतरून रेल्वेने फ्रान्स ओलांडत, त्यामुळे जिब्राल्टरचा वळसा वाचे. २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबई सोडून गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीसुद्धा मार्सेलिसलाच उतरले होते. मराठी माणसाला मार्सेलिस म्हटले की ८ जुलै १९१० ची सावरकरांची समुद्रातली उडी आठवते. ती ‘मोरिया’ बोटही पी. अँड ओ.चीच होती.

वेळ पाळायची, तीही उत्तर अटलांटिकसारख्या समुद्रात, म्हटल्यावर लायनरचा बांधा आपोआप ठरत गेला. लाट कापत जाणारी लांब निमुळती नाळ (बोटीचा पुढचा टोकदार भाग), पाण्याखाली खोलवर गेलेला तळ, जाड पोलादी पत्रा आणि गरजेपेक्षा जास्त ताकदीची इंजिने ही तिची लक्षणे होत. १९५२ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ या बोटीने न्यूयॉर्कहून निघून ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडला. क्रूझच्या जहाजाला असली घाई नसते. त्यातला प्रवास हेच मुक्कामाचे ठिकाण असते. हवामान बिघडले तर कप्तान मार्ग बदलतो किंवा एखादे बंदर गाळतो. म्हणून ते जहाज रुंद, उंच, बाल्कन्यांनी भरलेले असते आणि उथळ बंदरांतही शिरू शकते. २०२४ मध्ये प्रवासाला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे ‘ग्रॉस टनेज’ जवळपास अडीच लाख आहे, तर आज चालू असलेल्या एकमेव लायनरचे, म्हणजे २००४ च्या ‘क्वीन मेरी २’चे, दीड लाखाच्या आसपास. वर्तमानपत्रांत या आकड्याला वजन म्हणण्याची चूक फार वेळा होते. तो आकडा जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेवरून काढतात.

हा फरक एकाच जहाजात पाहायचा असेल तर ‘फ्रान्स’ पाहावे. १९६२ मध्ये ते फ्रान्स आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये धावू लागले, पण त्याआधीच १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिकवर उडू लागली होती, आणि अवघ्या बारा वर्षांत त्याला सेवेतून काढावे लागले. १९७९ मध्ये एका नॉर्वेजियन मालकाने ते विकत घेतले, त्याचे नाव ‘नॉर्वे’ ठेवले आणि कॅरिबियन समुद्रातल्या सहलींसाठी त्याची पुनर्रचना केली. त्या वेळी दोन इंजिनघरांपैकी एक बंद करण्यात आले आणि जहाजाला पुढे ढकलणाऱ्या चार पंख्यांपैकी दोन काढून टाकण्यात आले. जो वेग मिळवण्यासाठी त्या जहाजाचा जन्म झाला होता, तोच आता नुसता इंधनाचा खर्च ठरला होता. अखेर २००६ मध्ये ते गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर मोडीसाठी आले. एवढ्या देखण्या जहाजाचा शेवट आपल्या किनाऱ्यावर झाला याची हळहळ मला आजही वाटते.

सहलीसाठी जहाज फिरवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी मिळत नाहीत म्हणून हाम्बुर्गच्या कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही लायनर भूमध्य समुद्राच्या सफरीवर पाठवली होती.

प्रश्न : मला लाँचमध्येही बोट लागते. क्रूझवर जावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अवश्य जावे, पण पावसाळा टाळावा. मोठ्या जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात आणि ते आपला कोन बदलत आडवे हेलकावे बरेच कमी करतात. १९३६ ची पहिली ‘क्वीन मेरी’ अशी डोलायची की १९५८ मध्ये तिला मागाहून असे पंख बसवावे लागले. पुढे-मागे होणारी उठबस मात्र या पंखांनी थांबत नाही. म्हणून खोली घेताना जहाजाच्या मध्यावरची आणि होईल तितकी खालच्या मजल्यावरची घ्यावी. झोपाळ्याच्या कडीजवळ जसा झोका कमी जाणवतो, तसेच ते आहे.

प्रश्न : ‘पॉश’ हा शब्द पी. अँड ओ.च्या तिकिटांवरून आला, हे खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ही कथा आजवर कोणत्याही पुराव्यावर टिकलेली नाही. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ म्हणजे हिंदुस्थानला जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली, कारण त्या उत्तरेकडे येतात आणि उन्हाचा ताप कमी लागतो; श्रीमंतांच्या तिकिटांवर या चार शब्दांची आद्याक्षरे छापलेली असत, असे सांगतात. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात सावलीच्या खोलीला मोल होते, हे पटण्यासारखे आहे. परंतु असा शिक्का असलेले एकही तिकीट सापडलेले नाही, आणि छानछोकीच्या माणसासाठी हा शब्द इंग्रजी बोलीत या कथेच्या कितीतरी आधीपासून होता. कथा छापून येऊ लागली ती १९३० नंतर.

प्रश्न : घर आवरताना पणजोबांची ‘नळी’ (खलाशाची नोंदपुस्तिका) सापडली. ते विलायतेच्या बोटीवर सुखानी होते, एवढेच घरात माहीत आहे. सुखानी म्हणजे कोण? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला, कारण या बोटींचा इतिहास प्रवाशांच्या बाजूनेच सांगितला जातो. सुखानी म्हणजे सुकाणू धरणारा; अधिकाऱ्याने दिशा सांगायची आणि चार चार तासांच्या पाळीत चक्रावर उभे राहून ती राखायची, हे त्याचे काम. त्याच्या वर टिंडल आणि सर्वांच्या वर सारंग. बहुतेक वेळा सारंगच आपल्या गावातली, नात्यातली माणसे बोटीवर भरती करी. भट्टीत कोळसा टाकणारा तो आगवाला, त्याला कोळसा आणून देणारा कोयलावाला आणि खलाशांचा स्वयंपाक करणारा भंडारी. पी. अँड ओ.च्या बोटींवर साधारणपणे डेकवर कोकण-गुजरातचे, भट्टीवर पंजाब-सरहद्दीकडचे आणि जेवणघरात गोव्याचे लोक असत. दोन सफरींच्या मधल्या काळात गोव्याचे खलाशी मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, राहत. खोलीत भिंतीशी पेट्या मांडलेल्या आणि एका बाजूला गावच्या संताची वेदी.

या लोकांना गोऱ्या खलाशापेक्षा पगार फार कमी मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या खलाशाला झोपण्या-राहण्यासाठी किमान ७२ घनफूट जागा द्यावी असा नियम होता, आणि हिंदी खलाशासाठी ३६ घनफूट पुरेशी मानली जाई. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच अशी पेटी डोळ्यांपुढे आणली की ३६ घनफूट म्हणजे किती ते कळते.

नळीत प्रत्येक सफरीची नोंद असते : बोटीचे नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा, हुद्दा आणि वर्तणुकीचा शेरा. ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवावी आणि पानांची छायाचित्रे काढावीत. बोट ब्रिटिश नोंदणीची असून नळीतल्या नोंदींत १९१५ ची एखादी सफर असेल, तर ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे त्या वर्षीच्या खलाशांच्या याद्या आहेत आणि त्या इंटरनेटवर पाहता येतात. शोधताना नावाची इंग्रजी स्पेलिंगे चार-पाच तऱ्हांनी करून पाहावीत, कारण कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते. आणि नावाने काही हाती लागले नाही, तर आधी बोटीची यादी उघडून ‘रत्नागिरी’ हे गाव शोधावे.