ब्रश मुठीत धरून दात घासले की दंड भरून येतो. पेनासारखा धरला तर फरक पडेल का?

हो, नक्की पडतो. मुठीत आवळला की मनगट जवळजवळ अडकतं, मग पुढे-मागे करण्याचं काम कोपर आणि खांद्यावर जातं. जोरही नकळत वाढतो, आणि अशा रोजच्या घासण्यानं हिरड्या मागे सरू शकतात. बोटांत पेनासारखा धरला की हालचाल लहान, मनगटापुरती राहते. हिरडीशी 45 अंशांचा कोन साधायला तेच हवं. कोपर अंगालगत ठेवा.

आमच्या इंदूरच्या घरी आजीची बोटं संधिवातानं वळत नाहीत. तिला पेनाची पकड सांगून उपयोग नाही. तिच्या ब्रशला सियागंजातून आणलेली सायकलची रबरी मूठ बसवली आहे. जाड दांडा कमी आवळावा लागतो. मागच्या दाढांशी पकड आपोआप बदलते, बदलू द्या.