म्युनिकला लहान मुलांसोबतचा पहिला डिसेंबर

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरमध्ये म्युनिकला शिफ्ट होताय, मुलगी साडेचारची, मुलगा दोनचा, मग घरी ख्रिसमस करायचा का आणि कसा, कारण घरचे म्हणतायत आपल्याला काय करायचंय त्याचं. आम्ही आलो तेव्हा आमची मोठीही एवढीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आमची फजिती सांगते. आमच्या डोक्यात ख्रिसमस म्हणजे पुण्यात कॅम्पात एमजी रोडला असते तशी गर्दी. म्हणून 24 तारखेला संध्याकाळी पोरांना नवे कपडे घालून मारिएनप्लाट्झला, म्हणजे शहराच्या मधल्या चौकात गेलो तर काय, तिथला ख्रिसमसचा बाजार दुपारी 2 ला आटोपलेला, स्टॉल बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. इथे 24 ची संध्याकाळ हाच खरा सण आणि तो दार लावून घरातल्या घरात. दुकानंही 24 ला दुपारी 2 पर्यंतच, मग 25, 26 सुट्टी, आणि 26 शनिवारी आला की लागून रविवारही बंद. घरी आलो तर दूध संपलेलं, डायपर दोन उरलेले. मोठ्या स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात म्हणून निभावलं. तुम्ही मात्र 23 लाच सगळं भरून ठेवा.

मुलांसाठी मजा 25 ला नसते, ती आधीच्या चोवीस दिवसांत असते, आपल्याकडे दिवाळीपेक्षा आदल्या, फराळाच्या आठवड्यात घर जागं असतं ना, तसंच. 1 डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडायचं कॅलेंडर प्रत्येक पोराकडे असतं. सुपरमार्केटात चॉकलेटवालं दोन-तीन युरोत मिळतं, पण मी खाकी कागदाच्या 24 पुड्या दोरीला लावते, कधी बेदाणे, कधी स्टिकर, कधी नुसती चिठ्ठी की आज आजीला फोन. दोन पोरांत एकच केलंत तर विषम तारखा एकाच्या, सम दुसऱ्याच्या असं ठरवाल आणि 24 वरून भांडण होईल, तेव्हा दोन करा. शाकाहारी असाल तर गमी कँडीवर लक्ष ठेवा, त्यात बहुतेक वेळा डुकराचं जिलेटिन असतं आणि किटामधून येणाऱ्या पिशवीत ती हमखास असते. किटा म्हणजे इथली बालवाडी, तिथे आधीच सांगून ठेवलं तर ऐकतात.

5 तारखेच्या रात्री मुलं बूट साफ करून दाराबाहेर ठेवतात, निकोलाउस, म्हणजे संत निकोलस, रात्री त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट घालून जातो. आम्हाला हे माहीतच नव्हतं. 6 ला सकाळी जिन्यात सगळ्यांचे बूट भरलेले आणि आमच्या मोठीचे चिखलाचे गमबूट रिकामे, तिचे ओठ थरथरायला लागले. मी आत पळाले, भारतातून आणलेली शेंगदाण्याची चिक्की होती ती बुटात कोंबली आणि म्हटलं, अगं आपला मजला वरचा म्हणून त्याला उशीर झाला. आता दरवर्षी तिला निकोलाउसकडून चिक्कीच हवी असते.

अजून एक, इथे बवेरियात भेटवस्तू सांता नाही, क्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू, आणतं, 24 च्या संध्याकाळी. ते कुणाला दिसत नाही, बंद खोलीतून घंटी वाजते आणि मग मुलांनी आत जायचं. किटामध्ये हेच ऐकतात, म्हणून घरी सांताची गोष्ट सांगितलीत तर पोरगी तुम्हालाच शिकवेल :) आणि क्रांपुस म्हणून शिंगवाले केसाळ मुखवटे घालून लोक बाजारात मिरवणुकीने फिरतात, दोन वर्षांच्या पोराला त्या दिवशी अजिबात नेऊ नका, आमचा धाकटा किती रात्री दचकून उठत होता.

बिस्किटं मात्र घरी कराच. व्हॅनिलेकिप्फेर्ल म्हणजे मैदा, लोणी, साखर, बदामाची पूड, जवळजवळ आपली नानकटाईच, फक्त चंद्रकोरीच्या आकाराची. भट्टीतून काढल्यावर लगेच हात लावला की तुटतात, पण गरम असतानाच व्हॅनिला साखर भुरभुरायची, म्हणून ते काम माझं, मुलांकडे चंद्रकोरी वळणं. साध्या बिस्किटांच्या पोळीवर मोठी करंजीचं कातण फिरवते.

झाड हवंच असं नाही. खरं घेतलंत तर उंचीच्या दर मीटरला साधारण 20 ते 30 युरो धरा, आणि काचेचे गोळे खाली लावू नका, खाली गवताच्या काडीच्या चांदण्या. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर झाड बघून पहिलं विचारलं, तुळस कुठाय? ती नोव्हेंबरातच थंडीने गेली होती, काय सांगणार!

घरच्यांच्या शंकेचं म्हणाल तर आम्ही देव बदलला नाही, पण डिसेंबरभर किटात हाच विषय असताना साडेचार वर्षांच्या मुलीला 'आपला नाही तो सण' म्हणणं मला जमलं नाही. दिवाळीचा आकाशकंदील आम्ही काढतच नाही, जानेवारीपर्यंत राहतो. इथे खिडक्यांत हेर्नहुट गावचे कागदी तारे लागतात ना, त्यात तो असा मिसळून जातो की शेजारीण विचारत होती कुठून घेतला.

तर सामानात कातण, घडीचा आकाशकंदील आणि चिक्कीची दोन पाकिटं टाका. बूट इथेच घ्या, भारतातले या थंडीत चालत नाहीत.