वाचक विचारतात

प्रश्न : टीव्हीसाठी काढलेला एक इंग्रजी नाताळपट घरी बघितला. शहरातली मुलगी गावी येते, बेकरीवाल्याच्या प्रेमात पडते. सासूबाई डोळे पुसत होत्या, मुलगा खदाखदा हसत होता. शेवट आधीच कळत असून रडू का येतं? आणि एवढ्या बर्फात कुणाच्या तोंडातून वाफ कशी निघत नाही?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : वाफेचं आधी. यातले पुष्कळ चित्रपट कॅनडात, बरेचदा भर उन्हाळ्यात चित्रित होतात. बर्फ नकली, लोकरी कोटात नट घामाघूम. हॉलमार्क या अमेरिकी वाहिनीची नाताळपटांची खास मालिका २००९पासून चालू आहे. मूळ धंदा शुभेच्छापत्रांचा, तेव्हा गोडवा जास्त असणारच!

रडण्याचं म्हणाल तर, दशावतारात राक्षस मरणार हे कुणाला ठाऊक नसतं? तरी माणसं पहाटेपर्यंत बसतातच ना! सासूबाईंना रडू द्या. मुलाला सांगा, नायक-नायिकेचं चुंबन बहुधा अगदी शेवटी येतं; त्याआधी कुणीतरी दार उघडून मध्ये कडमडतंच.

मला खटकतो तो बेकरीवाला. ऐन डिसेंबरात दुकान टाकून स्केटिंगला? आमच्या मालवणातल्या बेकरीत त्या आठवड्यात मालक गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघतही नाही.